पंचविशीतल्या पोरांनी कशाच्या भरवशावर थांबायचं?

मांजराकाठ

कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. प्रश्न घरचा आहे, पण आमच्या गावात दर तिसऱ्या घरात तोच आहे, म्हणून इथे मांडतो.

पुतण्या सत्तावीस वर्षांचा. बीएस्सी अ‍ॅग्री करून राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात गेला तो तिथेच आहे. पूर्व निघते, मुख्य अडते. २०२५ च्या संयुक्त जाहिरातीत जागा होत्या ३८५. सप्टेंबरात आमच्याकडे पुराने शेतं खरवडून नेली, परीक्षा २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरला गेली. पोरगा गावात चिखल उपसत होता आणि रात्री मोबाईलच्या उजेडात चालू घडामोडी वाचत होता. घरून महिन्याला आठ-नऊ हजार जातात. सोयाबीनचा २०२५ चा हमीभाव ५,३२८ रुपये, बाजारात त्याच्या बऱ्याच खाली घातलं. हे पैसे भाऊ कुठून काढतो ते मला माहीत आहे, पोराला सगळं माहीत नाही.

भाऊ म्हणतो, बस झालं, चाकणला लाग. पण चाकणला गेलेली पोरंही वर्षा-दीड वर्षात बॅग घेऊन परत येताना मी बघतोय. विचारलं तर म्हणतात, "सर, ब्रेक दिला."

मला विचारायचंय ते हे. पोराने अजून थांबावं का? आणि थांबायचं नसेल तर जायचं कुठे? ज्यांनी हे प्रत्यक्ष भोगलंय किंवा ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी लिहावं. "मेहनत केली की फळ मिळतं" हे मी वर्गात रोज सांगतो, ते इथे नको.

तर्रीदार

सर, गंभीर धागा आहे, पण आमच्या आजीचा प्रश्न सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाऊ तयारी करायचा तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं कलेक्टरचा अभ्यास करतोयस, खुद्द कलेक्टरने तरी एवढा केला असेल का रे?" भाऊ आता तलाठी आहे. आजीला अजून वाटतं तो कलेक्टरच्या बरोबरीचा आहे, आणि आम्ही कोणी तिला दुरुस्त करत नाही.

लेखणी_वाघोली

मांजराकाठ सर, मी सदाशिव पेठेत राहून तयारी केली आणि सोडली. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेरच्यांना वाटतं पोरं नापास होतात म्हणून अडकतात. तसं नाही. नापास झालेलं कळलं तर माणूस उठून दुसरीकडे जातो. आम्ही अडकायचो ते न कळण्यात. जाहिरात कधी येईल माहीत नाही. आली तर परीक्षा त्याच तारखेला होईल का माहीत नाही. झाली तर निकालाला कोणी कोर्टात जाईल का माहीत नाही. निकाल लागला तर नियुक्तीपत्र कधी, तेही माहीत नाही. मग मधल्या काळात नोकरी धरावी तर "परीक्षा जाहीर झाली तर?" ही भीती. २०२३ मध्ये वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरलं तेव्हा पोरं रस्त्यावर बसली, ती पुढे ढकलून २०२५ पासून लागू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकेची क्लार्कची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा शास्त्री रोडवर पुन्हा ठिय्या, मग आयोगाने तारीख बदलली. बाहेरून बघणाऱ्याला हे आंदोलन दिसतं. आत बसलेल्याचं प्रत्येक वेळी अख्खं वेळापत्रक मोडतं, मेसचा महिना वाढतो, कॉटचं भाडं वाढतं.

दुसरं म्हणजे वयाची अट. खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत गरजेची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दार इतकी वर्षं उघडं दिसतं की आपण होऊन उठायचं ठरवणं फार जड जातं. मुलींचं थोडं वेगळं. आमची मुदत आयोग ठरवत नाही, घरातले लोक स्थळं बघून ठरवतात. माझ्या खोलीतल्या दोघी माझ्याहून हुशार होत्या. एकीचं मुख्य परीक्षेच्या आधी लग्न झालं.

मी सोडलं तेव्हा टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला, सीएच्या ऑफिसात बारा हजारांवर लागले. तिथे एकवीस वर्षांच्या मुली माझ्या सिनिअर होत्या. पहिले सहा महिने वाईट गेले. आता एका कंपनीत अकाउंट्स बघते, पगार घर चालेल इतका आहे. पोराने थांबायचं असेल तर थांबू दे, पण सोबत काहीतरी हातात असू दे. नुसतं "अभ्यास चालू आहे" एवढंच उत्तर असलं की माणूस आतून पोखरला जातो.

रानवारा

लेखणी ताई, "न कळण्यात अडकायचो" हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे पावसाचं तेच आहे, पण पाऊस निदान चार महिन्यांत काय ते सांगून टाकतो.

आकडेमोड

सर, तुमच्या गावात दर तिसऱ्या घरात हे का आहे त्याचं चित्र थोडक्यात देतो.

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४ चा भारतावरचा अहवाल सांगतो की बेकारांमध्ये दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, २०२२ मध्ये ६५.७ टक्के झाला. घरचा पोरगा शिकला म्हणजे तो बाजूला पडणार नाही, हा जो आपला समज आहे तो या आकड्यात मोडलेला दिसतो. अडाणी गरीब माणसाला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला थांबतो, कारण घराने त्याच्या शिक्षणात पैसे घातलेत आणि त्याला त्या तोलाचं काम हवंय.

सरकारी जागांची रांग बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज, खुल्या वर्गाला फी १,००० रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदं, अर्ज १७ लाखांहून अधिक. सरळ गणित आहे. शंभरातल्या नव्व्याण्णवांना काय द्यायचं याचं उत्तर परीक्षा कितीही चोख घेतली तरी परीक्षेतून मिळणार नाही.

चाकणचा_फिटर

सर, तुमच्या गावची पोरं "ब्रेक दिला" म्हणतात त्याचा अर्थ सांगतो. मी आयटीआय फिटर. सहा वर्षांत चार कंपन्या झाल्या, काम तेच.

आधी अप्रेंटिस. अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्यात कामगार धरत नाहीत, शिकाऊ धरतात. पीएफ नाही, ईएसआय नाही. शिकवलं तर ते ठीक आहे. पण मला पहिल्या आठवड्यापासून लाईनवर उभं केलं. शेजारी पर्मनंट माणूस, त्याच्याइतकंच उत्पादन, त्याच्या पाचव्या हिश्श्याचा पैसा. मग नीम ट्रेनी, म्हणजे केंद्राच्या एका योजनेतला शिकाऊ, म्हणून दुसरीकडे. ती योजना पुढे बंद झाली, पण त्या काळात अख्खे शॉप नीमच्या पोरांवर चालायचे. मग कंत्राटदाराकडे. इथे मात्र पीएफ कापतात. २४० दिवस सलग भरले की पर्मनंटचा दावा उभा राहतो म्हणून त्याच्या आत ब्रेक. नाव कट, गेटपास जमा, महिनाभर घरी. परत बोलावलं तर नव्या नावाने, कधी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने.

पगार हातात पंधरा-सोळा हजार. ओटी मिळाला तर वीस. खराबवाडीला एका खोलीत पाच जण, दोन शिफ्टमधले, म्हणून गाद्या तीन. माणशी भाडं, मेस, गावाकडे थोडे पैसे, संपलं.

काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मशीनवर हात बसला की मजा येते. मला राग एवढाच येतो की सहा वर्षांनंतरही कागदावर मी नवखाच आहे. कुठल्याही कंपनीत गेलो की फ्रेशरचा दर. मी शिकलेलं कुठेही लिहिलेलं नाही.

तर्रीदार

फिटर भाऊ, धागा उघडला तेव्हा हसत होतो. आता नाही.

वाळूजचा_वर्कशॉपवाला

थोडी उलट बाजू मांडतो, राग मानू नये. संभाजीनगरला वाळूजमध्ये माझं लहान मशीन शॉप आहे, बावीस माणसं. मला माणसं मिळत नाहीत. आयटीआय पास होऊन येतात, व्हर्नियर धरता येत नाही, ड्रॉइंग वाचता येत नाही. दोन महिने शिकवतो, मग पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जातात. शिकवण्याचा खर्च माझा, फायदा त्याचा.

आणि पर्मनंट करा म्हणता. माझ्या मालाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, २०२४ पासून आयकराचीही अट लागू झाली. तरी मोठे ग्राहक तारीख पुढे ढकलतातच, आणि मी तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. ऑर्डर तीन महिन्यांची दिसते. तीस वर्षांचा पगार मी कशाच्या जोरावर कबूल करू? सगळे मालक पोरांचं रक्त पितात असं चित्र रंगवू नका.

चाकणचा_फिटर

काका, राग नाही. दोन प्रश्न. नवीन आलेल्याला किती देता? आणि दोन वर्षं टिकलेल्याला किती?

वाळूजचा_वर्कशॉपवाला

नव्याला तेरा. दोन वर्षांनी साडेपंधरा-सोळा.

चाकणचा_फिटर

म्हणजे दोन वर्षांत तो पार्ट सेट करायला शिकला, रिजेक्शन कमी केलं, आणि वाढले अडीच-तीन हजार. म्हणून पाचशेला जातो, काका. त्याला दोन वर्षांनंतरचं काही दिसत नाही, पुढच्या महिन्याचं दिसतं. तुमची ऑर्डर तीन महिन्यांची, तशी त्याचीही उमेद तीन महिन्यांचीच होते. तुमच्यावर मोठी कंपनी जो भार टाकते तोच तुम्ही खाली सरकवता. तुमचा दोष किती आणि तिचा किती, मला ठरवता येत नाही. पण शेवटी तो भार ज्याच्या अंगावर येऊन थांबतो त्याचं वय बावीस असतं.

वाळूजचा_वर्कशॉपवाला

हे म्हणणं पटलं. पगाराचे टप्पे कामाला बांधून लिहून द्यायचा विचार मीही करतोय. सेटिंग स्वतः करायला लागला की एवढे, सीएनसीचा प्रोग्राम दुरुस्त करता आला की एवढे. माझ्या दोन सेटरशी बोलून बघतो.

सानिका_हिंजवडी

पांढरपेशा बाजूचं सांगते, कारण गावाकडे अजून वाटतं की पोरगी आयटीत गेली म्हणजे सुटली.

मोठ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा पगार पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाखांच्या आसपास होता. आज बहुतेक भरती साडेतीन लाखांच्या आसपासच होते. महागाईचा निर्देशांक २०१२ ला १०० धरला तर २०२४ मध्ये १९० च्या वर गेला. म्हणजे आमच्या आधी लागलेल्या ताईला जो पगार मिळाला, त्याच्या जवळपास निम्म्या किमतीचा पगार आम्हाला मिळतो, आणि वाकडमधलं भाडं मात्र आजच्या दराने.

मला ऑफर लेटर आल्यावर रुजू करून घ्यायला जवळपास वर्ष लावलं. त्या काळात दुसरीकडे जाता येत नाही, कारण घरात पेढे वाटून झालेले असतात. आता मी टेस्टिंगमध्ये आहे. पूर्वी आमच्या टीममध्ये नवीन मुलांना जे सोपं काम द्यायचे, टेस्ट केसेस लिहिणं, लहानसहान स्क्रिप्ट, ते आता एआयकडून करून घेतात आणि एक अनुभवी माणूस तपासतो. मग नवीन मुलांना घ्यायचं कशाला, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये ऐकलाय. पण अनुभवी माणूस नवीन असतानाच घडतो ना? पाच वर्षांनी तपासायला कोण उरणार? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. आम्ही खालचे घाबरलो आणि वरचेही घाबरले.

फिटर दादा, कागदावर नवखं राहणं आमच्याकडे नाही. आमच्याकडे दर दोन वर्षांनी शिकलेलं जुनं होतं आणि नवीन शिकायचा वेळ आपल्या झोपेतून काढायचा.

लालबागचा_बाळा

मी साठी ओलांडलेला. तरुणांच्या धाग्यात म्हाताऱ्याने लुडबुड करू नये, पण एक सांगतो.

"आमच्या वेळी नोकरी पक्की होती" असं आमच्या पिढीतले लोक म्हणतात ते अर्धंच खरं. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर घरी. अशी वर्षं काढलेली माणसं आमच्या चाळीत मजल्या-मजल्यावर होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. लोकांना पगारवाढ आठवते, पण बदलींना कायम करा ही मागणीही त्यात होती. संप कधी मागे घेतल्याचं जाहीर झालंच नाही. गिरण्या गेल्या. वडिलांनी मग वॉचमनकी केली, आईने खाणावळ चालवली. कोकणातून आलेल्यांसाठी आमच्या आया अशाच रांधत होत्या, म्हणून आम्ही तगलो.

हे सांगण्याचं कारण, फिटरचा ब्रेक आणि माझ्या वडिलांचं गेटवर उभं राहणं एकाच जातीचं आहे. फरक एवढाच की वडिलांच्या मागे युनियन होती, शेजारी होते, सगळे एकाच गेटवर उभे असत. आजच्या पोराला एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे फिरवतात, त्याला शेजारच्या मशीनवरच्याचं आडनावसुद्धा माहीत नसतं.

नागपुरी_संत्रा

मी डिलिव्हरी करतो, वर्धा रोड ते सीताबर्डी. बीकॉम झालोय. काका, आमचं तर गेट बी नाही. ॲपमध्ये आयडी बंद झाली की संपलं. सांगायला माणूस नाही, भांडायला माणूस नाही.

नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात लिहिलं होतं की २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे ॲपवर किंवा सुट्या कामावर जगणारे लोक होते आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील. एवढे लोक, पण आमचा मालक कोण ते इतकी वर्षं कायद्यात नव्हतं. सामाजिक सुरक्षा संहितेत आमचं नाव २०२० ला आलं, संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के आमच्या निधीत टाकायचे आहेत. ई-श्रमवर, म्हणजे सरकारच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर, नोंदणी केलीय मी. ज्यांनी केली नसेल त्यांनी करून टाका, फुकट आहे.

कमाई सांगू? दहा-अकरा तास फिरलं, पेट्रोल वजा केलं, तर महिना सोळा ते अठरा. गाडीचा हप्ता त्यातूनच. मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस डिग्रीत कोणी बाहेर निघत नाही, तेव्हाच आमचा धंदा. सरांच्या पुतण्याला सांगा, हे काम मधल्या काळासाठी ठीक आहे, पण मधला काळ लांबतो. माझा लांबला.

म्हापसेंकार

गोव्यातही सरकारी नोकरीचं वेड कमी नाही. २०२४ च्या शेवटी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या. बापाने जमीन विकून पैसे दिलेले. दुसऱ्या बाजूला माझ्या वर्गातले निम्मे मित्र पोर्तुगालचा पासपोर्ट करून युरोपात, बहुतेक इंग्लंडच्या गोदामांत. आई-वडील मोठ्या घरात दोघंच.

रानवारा

आता माझं सांगतो. मी तयारी सोडून गावी परत आलो. बार्शीच्या बाजूला. दोन एकर सीताफळ, चार म्हशी. खर्च जाऊन फिटर भावाच्या पगाराइतकं किंवा थोडं जास्त पडतं, एखाद्या वर्षी काहीच पडत नाही.

पण लग्न ठरत नाही. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, नोकरी आहे का? डिलिव्हरी चालेल, कंपनीत कंत्राटी चालेल, शेतकरी नको. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून पोरं कलेक्टर ऑफिसवर गेली होती, मुली द्या म्हणून. टीव्हीवाल्यांना मजा वाटली. त्यातले दोघं माझ्या ओळखीचे आहेत. लेखणी ताईंसारख्या मुलींनाही मी दोष देत नाही, माझ्या बहिणीसाठी आम्हीही नोकरीवालाच बघितला.

लेखणी_वाघोली

रानवारा दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत. मुली शेतीला नाही म्हणत नाहीत, त्या सासूच्या हाताखाली पहाटे चारला उठून म्हशी काढण्याला आणि हातात स्वतःचा एक रुपया नसण्याला नाही म्हणतात. सातबाऱ्यावर नाव आणि दुधाच्या बिलातला वाटा कबूल करा, मग बघा.

रानवारा

दुधाचं बिल तिच्या खात्यावर, हे मी आईसमोर बोलून बघतो. आई पहिले दोन दिवस बोलणार नाही.

स्टुटगार्टकर

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हा मला गावाकडून फोनच फोन आले. मी इथेच राहतो म्हणून वस्तुस्थिती सांगतो.

माणसं इथे खरंच हवी आहेत. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी. पण दाराशी भाषा बसलेली आहे. आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या इथल्या कोर्सला, यायचं तर साधारण बी-वन पातळीची जर्मन लागते, नर्सला मान्यता मिळवायला बी-टू. नोकरी सांभाळून शिकायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. एजंट "भाषा तिथे गेल्यावर शिकाल" म्हणाला तर त्याच्याकडून उठून या.

फिटरने लिहिलेलं वाचून इथली पद्धत सांगावीशी वाटली. आउसबिल्डुंग तीन-साडेतीन वर्षांचं. आठवड्याचे काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत. करार चेंबरकडे, म्हणजे उद्योगांच्या अधिकृत संस्थेकडे, नोंदवावा लागतो, कंपनी मनाला येईल तसा मोडू शकत नाही. विद्यावेतनाची किमान रक्कम कायद्याने ठरते, २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो, पुढे दरवर्षी वाढ. शेवटी परीक्षा चेंबर घेते आणि ते प्रमाणपत्र देशभर चालतं. फिटर म्हणतो तसं "शिकलेलं कुठेही लिहिलेलं नाही" असं इथे होत नाही. अप्रेंटिसकडून काम इथेही भरपूर करून घेतात, पण त्याला पुढची पायरी लिहून दिलेली असते.

आकडेमोड

आपल्याकडेही अप्रेंटिसला प्रमाणपत्र मिळतं, पण बाजारात त्याला भाव नाही, कारण ते बघून पगार वाढवायला कोणी बांधील नाही. राज्याची कार्य प्रशिक्षण योजना घ्या, लोक जिला लाडका भाऊ म्हणतात. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००. आधी सहा महिने होती, नंतर अकरा महिने केली. संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन तीच मुलं आंदोलनाला बसली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारी पदंच नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरायचा निर्णय आला होता, ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. सरकारच कंत्राटावर माणसं ठेवायला लागलं तर चाकणच्या मालकाला कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. आपल्या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पाग्यांची ती कल्पना, १९७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ ला कायदा झाला. दुष्काळी गरीब राज्याने शहरातल्या पगारदाराकडून पैसे घेऊन खेड्यातल्या माणसाला कामाचा हक्क दिला, देशाने तो पुढे उचलला. तो कर अजून आहे, वर्षाला २,५००. फिटर, तुमच्याही पावतीत महिना २०० कापले जात असतील. त्यातून पोरांच्या पहिल्या खऱ्या नोकरीची हमी का मागू नये? पहिलं वर्ष सरकारने पगाराचा वाटा उचलावा, पण अट अशी की पुढची दोन वर्षं मालकाने त्याला स्वतःच्या पटावर ठेवलंच पाहिजे.

वाळूजचा_वर्कशॉपवाला

दोन वर्षांची अट मला चालेल. पैसे वेळेवर आले पाहिजेत, एवढंच.

चाकणचा_फिटर

पावती बघितली. २०० आहेत. फेब्रुवारीत ३००.

पुतण्याच_मी

नमस्कार. नानांनी लिंक पाठवली. आधी राग आला की घरचं बाहेर मांडलं, मग सगळं वाचून काढलं.

मला नापास होण्याची भीती उरलेली नाही. सत्ताविसाव्या वर्षी बायोडाटात पदवीनंतरची जागा मोकळी दिसते आणि समोरचा तिच्यावर बोट ठेवून विचारतो, "या काळात काय केलं?" त्याची भीती आहे. त्या काळात मी राज्यघटना वाचली, अर्थसंकल्प वाचले, पुरात तलाठ्याबरोबर फिरून पंचनाम्याच्या याद्या करून दिल्या. यातलं कुठे लिहायचं?

पैशांचं मला माहीत आहे, नाना. बाबांनी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं तेही माहीत आहे. आईने सांगितलं होतं.

लेखणी_वाघोली

पंचनाम्याचं लिही रे. गावांची नावं आणि हेक्टर घालून लिही. आणि तू बीएस्सी अ‍ॅग्री आहेस, हातात बरंच आहे. बँकांची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा आयबीपीएस घेते, वय ३० पर्यंत, राखीव असशील तर सवलत. त्यासाठी तुझी पदवीच लागते, म्हणजे गर्दी राज्यसेवेपेक्षा कमी. तुझा अर्धा अभ्यास झालेला आहे.

रानवारा

आणि तुझ्या पदवीवर खत-औषधाच्या दुकानाचा परवाना निघतो, लोक त्यासाठी पदवीधर शोधत असतात. नुसता परवाना दुसऱ्याला वापरायला देऊ नकोस, काही झालं तर केस तुझ्यावर. काउंटरला स्वतः उभा राहणार असशील तरच.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही तिघं बोललो. राज्यसेवेचा निकाल येईल तेव्हा येईल, पूर्व निघाली तर मुख्य देईल, नाही निघाली तर पुण्याची खोली सोडेल. बँकेच्या कृषी अधिकाऱ्याचा अर्ज भरायचा हे पक्कं. भाऊ गप्प होता, पण ऐकत होता.

आता एक तातडीचं. लातूरला एका ठिबकच्या कंपनीत फील्डवर माणूस हवाय, एकोणीस हजार आणि पेट्रोल. लगेच या म्हणतात. नेमणूकपत्र मात्र एजन्सीचं देणार आहेत. फिटर, तुम्ही यातून गेलात, काय बघून घ्यावं?

चाकणचा_फिटर

सर, जाऊ द्या त्याला, पगार वाईट नाही. पण हे आधी विचारायला सांगा. एकोणीस हातात की सीटीसी, म्हणजे कंपनीचा सगळा खर्च धरून? पीएफचा मालकाचा वाटा त्यातूनच वळता करणार का? पेट्रोल किलोमीटरवर की बिलावर, आणि किती दिवसांनी? कराराची मुदत किती, संपल्यावर ब्रेक की नूतनीकरण? राजीनाम्याची नोटीस किती दिवसांची? मुख्य परीक्षेला बिनपगारी रजा मिळेल का, हे आत्ताच ई-मेलवर लिहून घ्या, तोंडी नको. मूळ कागदपत्रं, मार्कशीट, कोणाकडेही ठेवायची नाहीत. एजन्सीने पगार थकवला तर मूळ कंपनीही जबाबदार असते, म्हणून तिचं नाव पत्रात आलंच पाहिजे.

यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एजन्सीच्या भरवशावर सोडू नका. तो आधारने स्वतः काढायचा, आणि पहिल्या पगारानंतर महिनाभराने पासबुक उघडून पैसे जमा झाले का बघायचं. माझे एकदा सात महिन्यांचे कापले होते आणि भरलेच नव्हते. पुतण्याला माझा मेसेज पाठवा, पत्र हातात आलं की फोटो टाक म्हणावं. सेकंड शिफ्टला आहे या आठवड्यात, सकाळी अकरापर्यंत बघून सांगतो.